काठावरची शुगर

दवाखान्यात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक औषधवाल्यांनी दिलेली कॅलेंडरं आणि दुसरे किस्से. कॅलेंडरं दिवाळीच्या साफसफाईत निघून जातात. किस्से कुठे जात नाहीत. चार जण बसलो की एक निघतो, त्याच्यामागून दुसरा येतो, आणि चहा गार होतो. आज फक्त शुगरचे सांगते, कारण माझ्याकडे तेच सगळ्यांत जास्त आहेत.

माझा दवाखाना उज्जैनला फ्रीगंजमध्ये आहे. सासरे बँकेत होते, त्यांची इकडे बदली झाली आणि मग आमचं घर इथलंच होऊन गेलं. दवाखान्यात सुरुवातीपासून माझ्याबरोबर सुशीला सिस्टर आहेत. त्या मालवी घरातल्या. मराठी त्यांना सगळं समजतं, बोलतात मात्र हिंदीत, आणि बोलताना चेहऱ्यावरची रेघ हलत नाही.

शुगरचे पेशंट आमच्याकडे कायमच भरपूर. पण येतात ते फार उशिरा. कोणाची नजर अधू झालेली असते, कोणाच्या पायाची जखम भरत नसते. "आधी का नाही आलात?" असं विचारलं की उत्तर एकच, "आधी काही दुखतच नव्हतं." असाच एक ऐन चाळिशीतला माणूस आला आणि त्याच्या पायाचा अंगठा काढावा लागला. त्या दिवशी दवाखाना बंद करताना सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, ये लोग तो आने से रहे. अब हम ही चलते हैं."

म्हणून आम्ही रविवारी सकाळी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये बसायला लागलो. ज्यांना शुगर झाली आहे त्यांच्यासाठी नाही, तर ज्यांना अजून झालेली नाही पण होण्याची दाट शक्यता आहे, अशांना शोधायला. रीत सोपी आहे. वय विचारायचं, पोटाचा घेर मोजायचा, आईवडिलांपैकी कोणाला होती का ते विचारायचं आणि दिवसभरात हातपाय किती हलतात ते विचारायचं. ज्याच्याबद्दल शंका येईल त्याचं रक्त तपासायचं.

पहिल्या रविवारी एक गृहस्थ दारातूनच डोकावले.

"काय चाललंय?"

मी सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे मला काही झालेलं नाही, हे तुम्ही तपासणार?"

"हो."

"ते मला माहीतच आहे," असं म्हणून ते शेजारच्या टपरीवर चहा प्यायला निघून गेले.

*

आत आलेले पहिले सद्गृहस्थ म्हणजे देशपांडे काका. बँकेतून रिटायर झालेले, गोरेपान, बोलायला गोड, आणि मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात आभारप्रदर्शन त्यांच्याकडेच.

सिस्टरांनी टेप काढली. काकांनी पँटच्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "इथे मोजा. कॉलेजपासून माझी कंबर तेवढीच आहे."

"काका, पँट तेवढीच आहे," मी म्हटलं. "ती खाली सरकली आहे. आपण पोट मोजतोय, बेंबीच्या जवळ."

काका उभे राहिले. टेप अंगाला लागल्याबरोबर त्यांनी असा श्वास ओढून घेतला की पोट दिसेनासं झालं. छाती पुढे, मान ताठ, चेहरा हळूहळू लाल. सिस्टर टेप धरून तशाच उभ्या. त्यांना घाई नव्हती.

"काका, श्वास सोडा," मी म्हटलं.

काकांनी नुसती मान हलवली. जणू काही सोडलेलाच आहे.

सिस्टरांनी शांतपणे विचारलं, "काका, बेटा कहाँ रहता है आजकल?"

आता मुलाचा विषय निघाल्यावर कुठला बाप गप्प बसेल? "बंगलोरला," काका म्हणाले, आणि बंगलोरबरोबर पोटही बाहेर आलं. टेप सिस्टरांच्या हातातून सर्रकन सरकली.

काका क्षणभर टेपेकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हे चीटिंग आहे हं, सिस्टर."

तेव्हापासून आमच्याकडे ही पद्धतच पडली. टेप लावायची आणि मुलाबाळांची चौकशी करायची. ज्यांना मुलं नाहीत त्यांना पाण्याच्या नळाबद्दल विचारायचं. उज्जैनमध्ये त्या विषयावर श्वास धरून कोणी बसू शकत नाही.

*

आईवडिलांचा प्रश्न विचारणं त्याहून अवघड निघालं. 'घरात कोणाला शुगर होती का?' हा प्रश्न लोक खानदानाच्या अब्रूवर घेतात.

मुजुमदार काकू आपल्या सुनेला घेऊन आल्या. त्यांचं घराणं संस्थानी दरबाराच्या काळापासून इथलं. पूर्वज कोणत्या खात्यात होते ते त्या पहिल्या पाच मिनिटांत सांगतातच. सून अस्मिता माझ्याकडे नेहमी यायची, अगदी मऊ स्वभावाची. तिच्या आईला शुगर होती. तिचं रक्त तपासलं तर आकडा काठावर आला. म्हणजे अजून झालेली नाही, पण लक्ष दिलं नाही तर होईल.

काकूंनी लगेच निकाल दिला. "बघा, मी म्हणतच होते. हे माहेराहून आलेलं आहे. आमच्या घराण्यात हे असलं काही नाही."

अस्मिता खाली बघत राहिली. मला राहवलं नाही. "काकू, आलाच आहात तर तुमचंही बघून घेऊ."

"माझं कशाला? मी ठणठणीत आहे."

"म्हणूनच. ठणठणीत माणसांसाठीच आहे हे."

काकूंनी मोठ्या तोऱ्यात बोट पुढे केलं. आकडा आला तो काठाच्याही पलीकडचा. मी दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी पुन्हा तपासला. तसाच. काकूंना शुगर होती, आणि बहुतेक बऱ्याच दिवसांपासून.

अस्मिताने टोमणा मारला नाही, उलट सासूबाईंचा हात धरला. मला वाटलं, आता काकू खचतील. त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "मग? मीही ह्या घराण्याची सूनच आहे. मीही बाहेरूनच आलेय."

घराण्याला डाग लागला नाही. आता दोघी बरोबर औषधाला येतात. म्हणजे औषध काकूंना आणि सल्ला अस्मिताला. रोज संध्याकाळी दोघी फिरायला जातात. अस्मिता परवा सांगत होती, "मॅडम, पूर्वी आमचं भांडण घरात व्हायचं. आता चालता चालता होतं."

*

एक छोटासा. नमकीनच्या दुकानाचे एक मालक आले. देह भारदस्त, बसायची जागा गल्ल्यावर, व्यायाम म्हणजे मान डोलावणं.

"मीठा कितना खाते हैं?" मी विचारलं.

"मॅडम, मीठा तो हम छूते भी नहीं."

बायको मागेच उभी होती. ती म्हणाली, "सही कह रहे हैं. चम्मच से खाते हैं."

*

देशपांडे काकांकडे परत येऊ. त्यांचाही आकडा काठावर निघाला होता. वडिलांना शुगर होती आणि शेवटची काही वर्षं त्यांना दिसत नव्हतं, हे त्यांनी मला अगदी हळू आवाजात सांगितलं. बायकोला बाहेर बसवून. "मला तसं नकोय," म्हणाले. मी म्हटलं, "मग रोज सकाळी चाला. जोरात चाला."

काकांनी मनावर घेतलं. एकटे चालण्याचा स्वभाव नाही, म्हणून आणखी तीन रिटायर लोक जमवले आणि मॉर्निंग वॉकचा ग्रुप काढला. व्हॉट्सअपवर रोज सकाळी सूर्योदयाचा फोटो यायचा, खाली चौघांची नावं. मला इतकं बरं वाटायचं की मी तो फोटो इतर पेशंटना दाखवायला लागले.

तीन महिन्यांनी काका तपासणीला आले. वजन वाढलेलं. पोट टेपेला पुरून उरलेलं.

"काका, चालताय नं?"

"एक दिवस खाडा नाही."

"कुठपर्यंत जाता?"

"फ्रीगंजातून निघतो ते थेट देवास गेट."

अंतर चांगलं होतं. मला काही उलगडेना. सिस्टर कोपऱ्यात कापसाचे बोळे करत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "देवास गेट पे क्या है, काका?"

काका खिडकीबाहेर बघायला लागले. "पोहे चांगले मिळतात तिथे," ते म्हणाले. मग प्रामाणिक माणूस असल्यामुळे त्यांनी पुढचंही सांगून टाकलं. "जिलबीसुद्धा."

"रोज?"

"आपण उज्जैनला राहतो, मॅडम. पोह्यांबरोबर जिलबी नाही घेतली तर तो दुकानदार विचारतो, भिया, तबीयत तो ठीक है?"

"बरं, पण निदान परत येताना चालता नं?"

"नाही, येताना ऑटो करतो."

"का?"

"भरल्या पोटी लगेच चालू नये असं तुम्हीच सांगितलंय."

मी असं कधी सांगितल्याचं मला आठवत नाही. पण नंतर विचारलं तेव्हा चौघांनाही ते अगदी स्पष्ट आठवत होतं.

*

जाड माणसांनाच धोका असतो, असं आपण धरून चालतो. त्यावरून रेवती आणि सुहासचा किस्सा.

रेवती शाळेत शिकवते. अगदी सडपातळ. सुहास तिचा नवरा, खाण्याचा शौकीन आणि त्याचा पुरावा अंगावर वागवणारा. ती त्याला ओढतच घेऊन आली. "मॅडम, ह्यांना जरा घाबरवा. माझं ऐकत नाहीत."

सुहासला तपासलं. एकदम नॉर्मल. वडील ऐंशीचे, आई पंचाहत्तरची, दोघंही ठणठणीत. रेवती जरा हिरमुसलीच.

मी सहज विचारलं, "गरोदरपणात तुझी शुगर वाढली होती का गं?"

"हो, थोडी. पण बाळ झाल्यावर गेली की."

अशी गेलेली शुगर परत यायला वाट शोधत असते. गरोदरपणात जिला झाली तिने दरवर्षी तपासायचं असतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिची मुलगी आता पाचवीत होती. रक्त तपासलं, आकडा काठावर. "पण मी तर काहीच खात नाही," रेवती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

सुहास त्या दिवशी फार चांगला वागला. तिला म्हणाला, "आपण बघू नं. मी आहे की." आणि खरोखरच त्याने लक्ष घातलं. तिच्या ताटातला भात कमी केला. घरी आलेली मिठाई तिच्यासमोरून उचलली. लग्नकार्यात तिच्या पानातला लाडू स्वतःच्या पानात घेतला. सगळीकडे सांगायचा, "रेवतीची तब्येत मी सांभाळतो."

दोन वर्षं हे चाललं. रेवतीने शाळेत पायी जायला सुरुवात केली, योग शिकली, आकडा छान खाली आला. मी दोघांना पेढे द्यायचेच काय ते बाकी ठेवले होते. मग सुहास म्हणाला, "आलोच आहे तर माझंही बघा."

त्याचा आकडा काठावर.

सुहास आकड्याकडे बघतोय, मी सुहासकडे बघतेय. रेवती नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाली, "मॅडम, माझ्या वाटणीचं सगळं ह्यांनी घेतलं हो. शुगरसुद्धा."

*

लोकांच्या पोटाला टेप लावताना कधीतरी आपल्यालाही कोणीतरी लावणार, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मंडळाच्या वर्धापनदिनाला हॉल भरलेला होता. मी माइकवर सगळं समजावून सांगितलं. पस्तिशी उलटली असेल, आईवडिलांना असेल, पोट सुटलं असेल, बैठं काम असेल, तर तपासून घ्या, लाजू नका. खाली उतरले तर देशपांडे काका समोर उभे.

"मॅडम, तुमच्या मातोश्रींना शुगर होती नं?"

"होती."

"आणि तुमचं कामही बैठंच."

"हो."

"मग लाजू नका."

आख्खा हॉल बघत होता. सिस्टर टेप घेऊन आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या डोळ्यांत हसू बघितलं. टेप लागली आणि काय सांगू, मी श्वास ओढून धरला. मनात नव्हतं, पण तो आपोआपच ओढला जातो.

काका पुढे झाले आणि अतिशय प्रेमाने म्हणाले, "मुलगी काय करते हो हल्ली?"

टाळ्या पडल्या. रक्तात माझाही आकडा काठावरचाच निघाला. त्या रात्री जेवताना जरा उदास वाटलं, हे खरं. दुसऱ्यांना मी इतके दिवस 'काही घाबरायचं नाही' असं सांगत होते. ऐकणाऱ्याला तेव्हा काय वाटतं ते मला तेव्हा कळलं. घाबरायला होतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावरची बेल वाजली. खाली चौघे मॉर्निंग वॉकवाले उभे. "चला," काका म्हणाले. मी गेले. देवास गेटपर्यंत छान चाललो. तिथे मी जिलबी घेतली नाही, हे मुद्दाम सांगते.

पोह्यांबद्दल कोणी विचारू नये.

*

गोपाल ऑटो चालवतो. देवास गेटच्या स्टँडवर त्याची गाडी असते. तो एका म्हाताऱ्या पेशंटला सोडायला आला होता आणि बाकावर बसून वाट बघत होता. सिस्टरांनी बसल्या बसल्या त्याचंच पोट मोजलं. वय पस्तीसच्या आसपास, पोट मात्र पन्नाशीचं.

"पिताजी को शुगर थी?" मी विचारलं.

"थी नं मॅडम. ये गाड़ी पहले वो ही चलाते थे. फिर आँखें गईं, तब मेरे हाथ आई." हे त्याने अगदी सहज सांगितलं, जसं कोणी हवापाण्याचं सांगतो.

त्याचाही आकडा काठावर. मी म्हटलं, "देखो गोपाल, अभी हुई नहीं है. दरवाज़े पर खड़ी है."

तो म्हणाला, "तो मॅडम, दरवाज़ा नहीं खोलेंगे."

असं बोलणारे पुष्कळ भेटतात. पण गोपालने ते पाळलं. चहातली साखर सोडली. गाडी स्टँडच्या पार टोकाला लावून तिथून पायी यायला लागला. दोन सवाऱ्यांच्या मधल्या वेळात गाडीत लोळायचा, ते सोडून बसस्टँडभोवती चकरा मारायला लागला. बाकीचे ऑटोवाले त्याला 'परिक्रमा' म्हणायला लागले. पोट दिसण्याइतकं कमी झालं.

एक दिवस त्याची बायको ममता दवाखान्यात आली, एकटीच. चेहरा काळजीचा. मला वाटलं, काहीतरी बिघडलं.

"मॅडम, आपने इनको चलने को बोला था?"

"हो, म्हणजे हाँ. क्यों? चलते नहीं?"

"ये तो चलते हैं," ती म्हणाली. "अब सवारी को भी चलाते हैं. कोई पास का पता बोलता है, तो बिठाते ही नहीं. कहते हैं, भिया, इतना तो पैदल जाओ, सेहत बनेगी. कल एक मोटे सेठ को पूरा भाषण दिया, और पता है, वो सचमुच पैदल चले गए."

मी हसू आवरत म्हटलं, "मैं उससे बात करती हूँ."

"कर लीजिए," ममता म्हणाली. "और उससे कहना, तेरे को शुगर नहीं होगी, पर मेरे को बीपी हो जाएगा."

*

आता शेवटचा. हा मी फार कमी ठिकाणी सांगते.

एकदा पितृपक्षाच्या आधी आम्ही रामघाटाजवळच्या एका धर्मशाळेत बसलो होतो. तिथे ओम महाराज आले. घाटावर पिंडदान, श्राद्ध करून देणारे. चाळिशीचे, आवाज खणखणीत, देह त्याला शोभेल असा. त्यांचे बरेच यजमान महाराष्ट्रातून येतात, म्हणून मराठी उत्तम बोलतात. सिस्टरांनी टेप लावली आणि पुरत नाही म्हणून सोडून दिली. आकडा काठावर, आणि तोही असा की एक पाऊल इकडेतिकडे झालं तर संपलं.

"महाराज, आता गोड बंद करायचं," मी म्हटलं.

"पितृपक्ष होऊन जाऊ द्या, मॅडम."

"पितृपक्षातच तर बंद करायचंय. रोज कोणाच्या ना कोणाच्या घरी जेवण, खीर, लाडू."

"ते मी कुठे खातो," महाराज म्हणाले. "ते त्यांच्या पितरांना जातं. मी फक्त पोस्टमन."

"पत्र जात असेल महाराज. पाकीट तुमच्याकडे राहतंय."

महाराज गडगडून हसले. पण त्यांना दोन लहान मुली आहेत, आणि जाता जाता त्यांनी मला विचारलं, "खरंच होईल का हो?" मी म्हटलं, "असंच चाललं तर होईल."

पंधरवड्याच्या मधे ते दवाखान्यात आले. खुशीत होते. "मॅडम, उपाय सापडला. मी पानावर बसायच्या आधी यजमानाला विचारतो, तुमचे वडील कशाने गेले? दहातले पाच तरी म्हणतात, शुगर होती. मग मी म्हणतो, अहो, मग त्यांना लाडू कसा चालेल? पथ्याचं वाढा. यजमानाला पटतं. मुकाट्याने भाजीपोळी वाढतात."

"आणि बाकीचे पाच?"

"त्यांना सांगतो की पितरांचं वय झालं आता, काळजी घेतलेली बरी."

रक्त तपासलं तर आकडा खरंच उतरला होता. मी त्यांचं कौतुक केलं. सिस्टरांनीसुद्धा केलं, म्हणजे त्यांनी मान हलवली.

सर्वपित्री अमावास्या झाली आणि दुसऱ्या दिवशी महाराज सकाळीच आले. नेहमीचा आवाज नव्हता. समोरच्या खुर्चीवर बसले.

"काल जालन्याकडचे एक यजमान होते," ते म्हणाले. "साठीला आलेले. एकटेच आले होते. विधी झाला, पान मांडलं. मी नेहमीप्रमाणे विचारलं, वडील कशाने गेले? म्हणाले, शुगरने. वीस वर्षं होती."

"मग तुम्ही सांगितलंत?"

"सांगितलं. म्हटलं, मग त्यांना लाडू चालायचा नाही, तो उचला." महाराज पुढे सांगू लागले. "त्यांनी लाडवाला हात लावला, पण उचलला नाही. म्हणाले, महाराज, वीस वर्षं मीच त्यांच्या ताटातून उचलत आलो. शेवटच्या दिवाळीला त्यांनी एक मागितला होता, तेव्हाही नाहीच म्हटलं. आज तरी खाऊ द्या त्यांना."

सिस्टर हातातली सुई तशीच धरून उभ्या होत्या.

मी विचारलं, "मग काय केलंत?"

"काय करणार, मॅडम," महाराज म्हणाले. "पानात दोन होते."

आणि त्यांनी तपासायला बोट पुढे केलं.